हितं फक्त यंत्र वाकतं

मुजावर सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी मुलाखतीला गेले होते. बगलेत पदव्यांची फाईल आणि नाक जरा वरच. सरांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. स्प्रिंगसारखी वळलेली एक बारीक तार माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "डोळे मीट. बोटांत फिरव. कुठं खटकतंय सांग." मी दोनदा फिरवली. काही कळलं नाही, तसं सांगून टाकलं. सरांनी एकदाच फिरवली आणि मधल्या एका वेढ्यावर नख टेकवलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तो वेढा खरोखरच सैल होता. गेली नोकरी, असं म्हणून मी उठले. तर सर म्हणाले, "खोटं बोलली न्हाईस. सोमवारी ये."

आनंदानं मी त्यांच्या पाया पडायला वाकले. सरांनी चटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. "पाया पडायचं न्हाई. हितं फक्त यंत्र वाकतं," म्हणाले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं एक यंत्र आमची तार खाली-वर वाकवत टकटक करत होतं.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठीच्या ऑपरेशननंतरही काहींचा पाय आतून पेटल्यासारखा जळत राहतो, कुठलंच औषध लागू पडत नाही. अशांच्या कण्यात, मज्जारज्जूच्या बाहेरून, डॉक्टर एक मऊ तार सरकवतात. तिला आम्ही लीड म्हणतो. तिच्या टोकाला प्लॅटिनमच्या कड्या असतात आणि दुसरं टोक कमरेखाली बसवलेल्या बॅटरीला जोडलेलं असतं. कड्यांतून सूक्ष्म वीज सोडली की दुखणं दबतं. ही लीड सरांनी इथं, साताऱ्यात घडवली. त्यांचे वडील सांगलीत शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून भरून द्यायचे. वेढा कसा घालायचा हे सर तिथंच शिकले, इंजिनिअरिंग नंतर आलं. "अब्बांच्या मोटारीत वेढा चुकला तर ऊस वाळायचा. आपल्यात चुकला तर माणूस वाळतो," असं ते अजूनही सांगतात.

तार जोडणाऱ्या आमच्याकडच्या बायका दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसतात. दर तासाला सर त्यांना खिडकीशी उभं करतात. "आवं ताई, अजिंक्यताऱ्यावर गाय चरती का बघा जरा." गाय असो नसो, बायका हसत लांब बघतात आणि डोळ्यांना विसावा मिळतो. आमच्या सुमनताई म्हणतात, "सर गाईचं निमित करत्यात, पर आमचं डोळं सांभाळत्यात."

आता माझ्या चुकीचं सांगते. ते टाळून हा लेख लिहिला, तर सर वाचणारही नाहीत.

चाचणीतल्या पहिल्या रुग्णांत रहिमतपूरचे हवालदार संपतराव होते. सैन्यातून पाठ मोडून घेऊन आलेला पन्नाशीच्या आतला गडी, पण रात्री पाय धरून बसायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी आमची लीड बसवली आणि त्यांचं दुखणं थांबलं. बरे होईपर्यंतची सगळी पथ्यं त्यांनी पाळली. पुढे काही महिने सुखात गेले, आणि एका सकाळी पाय पुन्हा पेटला. तपासणीत दिसलं की तार कमरेजवळ तुटली आहे.

ती तार किती वाकवून तपासायची हे मीच ठरवलं होतं. मालकांनी बैठक बोलावली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "कागदावर शेवटची सही माझी आहे. जबाबदार मी." बाहेर आल्यावर मी रडायला लागले. सर शांतपणे म्हणाले, "मालकांना मी सांगितलं. हवालदारांना तू सांगायचं. उद्या रहिमतपूर."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही संपतरावांच्या घरी होतो. दुखण्यानं ते आता खुर्चीलाच खिळले होते. ते पूर्वी दिवसात कितीदा, कसे वाकायचे, ते सर त्यांच्या पत्नीला विचारत होते आणि वहीत रेघा ओढत होते. जेवायला मांडी घालून. गोठ्यात उकिडवं. उसात सरी धरताना. देवापुढं, आईच्या पायांवर. पान भरलं. मी ते पान बघत राहिले. माझ्या चाचणीतला माणूस खुर्चीवर बसायचा आणि खुर्चीवरूनच उठायचा! परदेशी पुस्तकातला तक्ता मी जसाच्या तसा उतरवला होता.

"चूक माझी आहे," मी कशीबशी म्हणाले. "जमिनीवर बसणाऱ्या माणसाचा मी विचारच केला नाही."

वहिनींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्याडम, तुमी कवा जमिनीवर बसून जेवला न्हाई व्हय?"

मी मेढ्याची, डोंगरातल्या गावाची. नोकरी लागेपर्यंत पाटावर बसूनच जेवले. संपतरावच म्हणाले, "जाऊ दे गं. म्याडम, चूक तोंडावर सांगितली, लय झालं. पर मला परत बसता याया पायजे बगा. आईच्या पायाला हात लावून म्हैना झाला."

परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले, "यंत्राला आता मांडी घालायला शिकवू."

आणि शिकवलं. वहीतल्या रेघांवरून वाकवायचे कोन बदलले. वेढे जवळ आणले, तार जिथं ताण खाते तिथं मऊ बाही चढवली. सरांनी त्यावर आणखी एक हट्ट धरला. माणूस वाकला-उठला की मज्जारज्जू आणि तार यांच्यातलं अंतर बदलतं, आणि ते कमी झालं की तेवढ्याच विजेचा झटका बसतो. म्हणून तारेनं वीज सोडावी तसं नसांचं उत्तरही, म्हणजे त्यांच्यात उठणारी विजेची लहर, ऐकावं, आणि झटका बसण्याआधी वीज आपोआप कमी व्हावी. ते उत्तर इतकं क्षीण असतं की आम्ही हात टेकले होते. सर मात्र रोज सकाळी यायचे आणि म्हणायचे, "काल कुठं चुकलो ते दाखव." 'चुकलीस' असं एकदाही म्हणाले नाहीत.

अखेर एका सकाळी ते उत्तर पकडता आलं, आणि सगळ्या चाचण्या आणि परवानग्या होऊन ती लीड संपतरावांना बसली. पथ्याचे दिवस संपल्यावर सांगलीच्या दवाखान्यात तपासणी होती. सर पडद्यावरची नसांच्या उत्तराची रेघ बघत उभे होते, मी शेजारी. डॉक्टर म्हणाले, "आता बेलाशक वाका." संपतराव उठले, सरळ सरांसमोर आले आणि खाली वाकून त्यांनी सरांच्या पायांना हात लावला.

सरांनी पाय मागे घेतले नाहीत. त्यांची नजर पडद्यावर होती. रेघ हलली, सावरली. संपतरावांना झटका बसला नाही.

"परत एकदा," सर म्हणाले.

संपतराव पुन्हा वाकले. रेघ पुन्हा सावरली. तेव्हा कुठे सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालानं पुसत राहिले. त्या दिवशी परतताना आम्ही रहिमतपूरला थांबलो. संपतराव आईच्या पायांवर वाकले आणि मग आमच्यासोबत मांडी घालून जेवले. वहिनींनी मलाही पाट दिला, वर भाकरीवर लोण्याचा गोळाही.

सरांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त आम्ही त्यांचा सत्कार ठरवला आहे. त्यांच्या बोटांची जाण आणि चष्म्यामागची ती नजर अजून खूप वर्षं अशीच शाबूत राहो, गुडघे-कंबर कुरकुरू नयेत, आणि आमच्या चुका दाखवायला ते रोज सकाळी येत राहोत, एवढंच मागणं आहे.

आणि सर, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सत्काराच्या दिवशी संपतराव येणार आहेत, सुमनताई येणार आहेत आणि मीही येणार आहे. त्या बैठकीत माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत, त्याचा नमस्कार माझ्याकडून राहिला आहे. मी वाकणार आहे. तेवढा एक दिवस पाय मागे घेऊ नका.