कळवलंत, बरं केलंत

साऱ्या जगात कुठंही उंदीर मरून पडला, तरी त्याची बातमी रहिमतपुरातल्या आमच्या आबांना कळल्याशिवाय राहत नसे. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात जखमा बांधणारे ड्रेसर होते. तिथं चार देशांचे डॉक्टर प्लेगच्या तपासासाठी एकाच तंबूत बसत, एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नसे, तरी उंदरांच्या अंगावरच्या, रोग पसरवणाऱ्या पिसवा एकमेकांना दाखवून तावातावानं बोलत. त्या पिसवा बाटलीत भरून द्यायचं काम आबांकडं होतं. पेन्शनीत आल्यावर माणसं भजनाला लागतात, आबा पिसवांना लागले. टपालवाला कोपऱ्यावर दिसला की त्यांच्या पायात वहाणा राहत नसत, ते अनवाणीच धावत सुटत.

आमच्या सोप्याच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून त्यांनी स्वतः काढलेला नकाशा होता. त्यात रहिमतपूर मधोमध, ताटाएवढं. मलकापूर, आष्टा ही गावं वाटीएवढी. मग कागद संपत आला, म्हणून जावा, अमेरिका आणि मादागास्कर हे कडेला दाटीवाटीनं बसवले होते. आष्टा आणि मादागास्कर यांच्यात बोटभर अंतर होतं आणि आबा तसंच मानून चालत. “आष्ट्याला ह्या हप्त्यात काय न्हाई, पर मादागास्करला लय पडल्यात बघ,” असं ते शेजारच्या आळीतली खबर सांगावी तसं सांगत. मलकापूरचा एक शिंपी आणि आष्ट्याचे एक मास्तर त्यांचे खबरे होते. मादागास्करला तर त्या तंबूतलाच एक डॉक्टर जाऊन राहिला होता आणि त्याच्या ओळखीनं बाकीचे देश आबांच्या हाती लागले. त्या डॉक्टरचं इंग्रजी मोडकं, आबांचं त्याहून मोडकं, त्यामुळं दोघांना एकमेकांचं बरोबर समजे. कार्डाचा नमुना ठरलेला: गाव, वार, काय पडलं, कुठं पडलं. आणि कुणाचंही कार्ड आलं, की आबांच्या उत्तरात शेवटी एक ओळ असायचीच, “कळवलंत, बरं केलंत.” हिचं इंग्रजी त्यांना कधी जमलं नाही, म्हणून परदेशच्या पत्रांतही ती मराठीतच जाई.

दुसरं महायुद्ध संपून टपाल सुरळीत झालं आणि एके दिवशी त्या डॉक्टरनं आबांकडं चक्क आमच्याकडच्या पिसवा मागितल्या. देशोदेशीच्या पिसवा शेजारी शेजारी ठेवून त्याला बघायच्या होत्या. आबांना आकाश ठेंगणं झालं. भर बाजारात उभं राहून त्यांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. भाजीवाल्या बायका वजनं हातात धरून ऐकत राहिल्या. मग घरात उंदरांचे पिंजरे लागले. माझ्या थोरल्या आईची, म्हणजे आबांच्या बायकोची, बारीक दातांची फणी नाहीशी झाली आणि चार दिवसांनी स्पिरिटचा वास घेऊन परत आली. तिनं ती चुलीत घातली आणि दोन दिवस आबांशी बोलली नाही. पण उत्तर आलं तेव्हा तीही हसली. आबा उंबऱ्यातूनच ओरडले होते, “अगं, आपली पिसू आन् त्येंची पिसू एकाच जातीची निघाली! सोयरीक जुळली की गं!”

आता माझ्या सोयरिकीचं सांगतो. मुलगी आष्ट्याची. मी तिला एकदाच पाहिलं होतं आणि तेवढ्यानं माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. तिचे वडील लष्करातून आलेले, मिशीला पीळ आणि शब्दालाही पीळ. लग्न आठ दिवसांवर आलं, दारात मांडव पडला आणि मांडवातच, उतरंडीच्या डेऱ्यामागं उंदीर पडला.

त्या दिवसांत उंदीर पडला की सगळं गाव घराला कुलपं घालून रानात खोपी बांधून राहायला जाई. म्हणजे लग्न गेलंच. आणि प्लेगच्या घरात पोरगी द्यायला तो मिशीवाला काही खुळा नव्हता. थोरली आई दार लोटून हलक्या आवाजात म्हणाली, “आवं, आठ दिसांचा सवाल हाय. जाळा त्येला आन् गप ऱ्हावा. कुनाला कळतंय?” मला तिचं म्हणणं फार पटलं. खोटं कशाला सांगू, मी काडेपेटीसुद्धा आणून दिली.

आबांनी काडेपेटी घेतली आणि पायरीवर बसून राहिले. एरवी उंदीर म्हटला की नाचणारा माणूस, आज काडेपेटी नुसती हातात फिरवत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझा बाप कशानं गेला ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होतं. मी दोन वर्षांचा होतो. शेजारी लग्नघर होतं, त्यांच्यात उंदीर पडला आणि त्यांनी तो गुपचूप उकिरड्यात पुरला. लग्न झालं, माझे वडील पंगतीत वाढायला होते. तिकडून बसऱ्याहून आबा आले तेव्हा आमच्या घरात एक माणूस कमी होतं.

“म्या सगळ्या मुलखाला लिवतोय, दडवू नगा म्हनून,” आबा म्हणाले. “मग माझ्या घरात पडला तर दडवू व्हय रं?” मला त्यांचा राग आला आणि मान वर करून बघवेनाही. ते आधी चावडीवर गेले. तिथून येऊन त्यांनी उंदराला रॉकेल ओतून जाळलं आणि कार्डं लिहायला बसले. पहिलं आष्ट्याला, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना. दुसरं मादागास्करला.

आम्ही रानात खोपीत. थोरली आई माझ्याकडं बघून उसासे टाकी. चौथ्या दिवशी टपालवाला बांधावरून येताना दिसला आणि या वेळी आबांच्या आधी मी धावलो. कार्ड सासऱ्यांचं होतं. पलटणीतल्या हुकमासारखं लिहिलेलं: “तुमचं कार्ड पावलं. आमच्यातबी तुमच्या आदल्या दिशी पडलाय. लगीन मोडंल म्हनून दडवला हुता. तुमी सांगितलं तवा आमाला धीर आला. गाव रानात चाललंय. पंधरा दिस थांबा, सगळी टोचून घ्या, कापडं उन्हात वाळवा आन् मग या. मांडव माळावर घालतो.”

आबांनी ते तीनदा वाचलं आणि भर रानात नाचले. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून! “गड्या, आरं आष्ट्यानं कळवलं! आष्ट्यानं सोताहून कळवलं!” त्या आनंदात, आपण त्याच प्लेगच्या गावाशी सोयरीक करतोय, हे कुणाला सुचलंच नाही.

लग्न माळावर झालं. आबांनी हट्टानं दोन्हीकडच्या वऱ्हाडाला आधी टोचवून घेतलं होतं. त्यामुळं ऐन मंगलाष्टकांत सगळ्यांचे दंड सुजलेले, अक्षता टाकायला कुणाचा हात वर होईना. त्या आमच्या पायांवरच पडल्या. सासऱ्यांनी मात्र दात खाऊन हात उचलला आणि नेम आबांवर धरला. दोन्ही गावांत त्या वर्षी माणूस एकही दगावलं नाही.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. प्लेगनं नाही, झोपेत. नकाशासमोर बसून मी त्यांच्याच पद्धतीनं सगळ्यांना कार्डं लिहिली: गाव रहिमतपूर, वार शुक्रवार, आमचे आबा गेले, राहत्या घरी. लिहिताना डोळ्यांनी साथ दिली नाही, दोन-तीन कार्डं भिजून वाया गेली.

तीन महिन्यांनी मादागास्करहून पाकीट आलं. इंग्रजीचा मजकूर थोडका होता. खाली, जुन्या पत्रांवरून गिरवून काढलेली, कुठं तिरकी तर कुठं तुटकी अशी मराठी अक्षरं होती: “कळवलंत, बरं केलंत.” ते पत्र मी आबांच्या नकाशावर आष्टा आणि मादागास्कर यांच्यामधल्या बोटभर जागेत टाचणीनं लावलं.