बैठकीतलं बटण

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगतो, पण आधी चहा घ्या. आणि हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही.

तीस वर्षं मी उंद्रीच्या हायस्कूलात विज्ञान शिकवलं. त्यातही वीज म्हणजे माझा हातखंडा! सेल, तार आणि बल्ब घेऊन असा प्रयोग करायचो, की मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा जागी व्हायची. रिटायर झालो, पण मास्तरकी अंगातून गेली नाही. वीज वाया गेलेली तर मला बघवतच नाही. आमची बैठकीची खोली फक्त पाहुण्यांसाठी. पाहुणा आला की बोर्डावरून तळहात फिरवून सगळी बटणं चालू. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला, की पुन्हा तळहात फिरवून सगळी बंद. हात आपोआप जातो हो, डोळ्यांना विचारावंही लागत नाही.

तर झालं असं. फोन कंपनीनं तांब्याच्या तारा काढून काचेच्या टाकायला सुरुवात केली. आमच्याकडे आला संदीप, माझाच जुना विद्यार्थी.

"जय भीम सर! तुमचा नंबर तोच राहील, फोनबी तोच. फक्त तार नवी अन् ही डबी."

पांढरी डबी त्यानं बैठकीत भिंतीवर ठोकली, तिची पिन बोर्डात खोचली आणि म्हणाला, "सर, एक सांगू का? हे जुन्या फोनसारखं नाही. याले..."

"थांब! काचेच्या तारेतून उजेड कसा जाते, ते सांग आधी."

संदीप डोकं खाजवायला लागला. मग काय, मी वही काढली, आकृती काढली, किरण वाकडे केले, सरळ केले! अर्धा तास! बिचाऱ्यानं मध्ये तीनदा तोंड उघडलं.

"हाव सर, पण हे बटन..."

"प्रश्न शेवटी विचारायचे! तेबी हात वर करून!"

शेवट काही आला नाही. त्याला दुसऱ्या घरी जायचं होतं, तो गेला. आणि तो उंबऱ्याबाहेर पडल्याबरोबर माझा तळहात बोर्डावरून फिरला.

आता तुम्हाला अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण, धाड गावात राहते. आमचे वडील लवकर गेले. अक्कानं दुसऱ्यांच्या रानात निंदणं-खुरपणं करून मला शिकवलं. मी आज जो काही आहे, तो तिच्यामुळे. रोज सकाळी आठला तिचा फोन येतो. मी मोबाइल वापरत नाही. बायकोकडे आहे, पण त्यावर अक्का बोलत नाही. "भावाशी बोलाचं तं भावाच्या फोनवर बोलीन," म्हणते.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. फोन नाही. नऊ वाजले. नाही. रिसीव्हर उचलला, तर मुका! बायकोच्या मोबाइलवरून संदीपला झापलं. तो धावत आला. पाहुणा आला म्हणून मी हात फिरवला, पंखा लावला, आत चहा सांगितला. संदीपनं डबी उघडली, तार पुसली, परत खोचली. चहा येईपर्यंत रिसीव्हरमध्ये 'टूं' वाजायला लागलं!

"चालू हाये सर."

"मंग काऊन बंद पडला होता?"

"काय माहीत सर!" तो गेला. माझा हात फिरला.

हेच पुढं आणखी दोनदा झालं. तो आला की फोन बोलतो, गेला की मुका! मी बायकोला म्हणालो, "याचा हातगुण पाह्य! डबी याले घाबरते."

तिसऱ्या खेपेनंतर मात्र मी रिसीव्हरला हात लावला नाही. फोन तर ठीक आहे, मग अक्का का करत नाही? आणि डोक्यात उजेड पडला. लोणचं! मागच्या आठवड्यात मी तिला म्हणालो होतो, यंदा लोणच्यात मीठ जास्त पडलं. तेवढ्यावरून रुसली? मीही मग ताठ झालो. रुसली तर रुसू दे, मी काय तिच्या दारात हात जोडून उभा राहू?

मोठा ताठ माणूस! रोज आठ वाजता ओट्यावर पेपर उलटा धरून बसत होतो आणि कान बैठकीत ठेवत होतो. घास गोड लागत नव्हता. खोटं कशाला बोलू?

आठव्या दिवशी दारात जीप थांबली. उतरली कोण? अक्का! गुडघे धरून, धाडहून चिखली, चिखलीहून उंद्री, दोन गाड्या बदलून. ओट्यावर टेकली आणि पाणीही न पिता म्हणाली, "मीठ जास्त झालं म्हनून बहीण टाकली का रे?"

"मी टाकली? तूच तं फोन करत नाही!"

"रोज करतो! रोज ते बाई म्हनते, संपर्क होऊ शकत नाही. मले वाटलं, तूच सांगून ठेवलं असशील तिले!"

तिचे डोळे भरले. माझेही भरले, पण मी ते रागात लपवले आणि संदीपला बोलावून घेतलं. अक्कासमोर त्याला असा सोलला, की शाळेतही कधी सोलला नसेल. "तुह्या डबीपायी माही बहीण आठ दिवस रडली बे!" बैठकीत नेला, सवयीनं हात फिरवला, पंखा लावला, चहा सांगितला. संदीप खाली मान घालून तार पुसायला लागला.

अक्का मागोमाग येऊन खुर्चीवर बसली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! ती एकदम म्हणाली, "थांब रे पोरा. आपन आत आलो तवा त्या डबीत हिरवा दिवा नव्हता. यानं बटनं दाबली, मंग लागला. ते डबी लाईटीवर चालते का?"



संदीपनं तार खाली ठेवली. हळूच उजवा हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा.

"सर, आता सांगू का? पहिल्याच दिवशी सांगून राह्यलो होतो. याले चोवीस तास लाईट लागते."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "यासाठी शिकवलं व्हय तुले?" म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी तिला पाणी आणायला आत गेलो, ते बराच वेळ बाहेर आलोच नाही.

आता रोज सकाळी आठला फोन येतो. अक्का कसा आहेस, जेवलास का, काही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच:

"बटन चालू हाये ना रे?"

बटण बंद असतं तर मी फोन उचललाच कसा असता, हे तिला समजावून सांगावं असं रोज जिभेवर येतं. पण तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मी, रोज बोर्डाकडे एकदा बघून घेतो आणि सांगतो, "हाव अक्का, चालू हाये."