इस्मेबाईंचं चौदा वर्षांचं पातेलं

भाताचा डाव पेपरपॉटमध्ये, म्हणजे मांसाच्या काळ्या रश्श्यात, बुडवायचा नसतो, हे पोमरून नदीच्या काठावर दात न आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. युस्टस फोर्डाइसचे दात येऊन आता पडायला लागले होते. तरीही नाताळच्या आधीच्या रविवारी त्यानं तो बुडवला.

त्याचं असं झालं. घरात तो एकटा. चवळी घालून भात केला, तो कोरडा झाला, आणि त्यावर दोन डाव रस्सा हवासा वाटला. पेपरपॉटचा लाकडी डाव वेगळा, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला. स्वयंपाकघरात तेवढी चार पावलं चालायची होती. युस्टसनं हातातला डाव भाताच्या पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला, शितं गेली असं मानलं आणि बुडवला. रस्सा काढल्यावर पातेलं पुन्हा खळखळून उकळायचं असतं, तेही ‘सकाळी एकदमच करू’ म्हणून राहिलं.

सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर खाली जाळ नाही आणि वर रस्सा आपला आपणच बुडबुडे सोडतोय. करड्या फेसाची साय आलेली. वास असा की युस्टसनं झाकण ठेवलं, बाहेर जाऊन आला आणि पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात काही सुधारणार होतं. आंबला होता. सगळा.

आता एखाद्या घरी पेपरपॉट आंबला तर लोक हळहळतात, नदीत ओततात आणि नवा शिजवायला घेतात. पण हे पातेलं सासूबाईंचं होतं. मिस इस्मेनं ते चौदा वर्षांपूर्वीच्या नाताळात चढवलं आणि त्यानंतर ते कधी रिकामं होऊ दिलं नव्हतं. मांस संपलं की नवं घालायचं, काळा पाक घालायचा, पण तळाचा रस्सा तोच. सकाळी एक उकळी, संध्याकाळी एक उकळी, चौदा वर्षं. पुराच्या वर्षी पाणी जिन्याला लागलं तेव्हा म्हातारीनं आधी पातेलं माडीवर नेलं, मग बायबल, आणि मग जावयाला हाक मारून उठवलं. नाताळच्या सकाळी चर्चमधून अर्धं चॅरिटी गाव तिच्या दारावरून जायचं, ते त्या रश्श्यात पाव बुडवण्याच्या आशेनं. उरलेलं वर्षभर मिस इस्मेला गावात जो मान होता, तोही त्याच पातेल्यातून निघत असे.

युस्टस घरजावई. अठरा वर्षांपूर्वी डार्टमथ गावातून हत्यारांची एक पेटी घेऊन तो मार्वाशी लग्न करून इथं आला. धक्क्याजवळ पत्र्याची शेड टाकली आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. हात चांगला होता, शब्द तेवढा चांगला नव्हता. ‘शुक्रवारी या’ हे तो इतक्या मनापासून म्हणायचा की लोक खरंच शुक्रवारी यायचे. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून आडनावानं हाक मारत. फोर्डाइस, दार लाव. फोर्डाइस, पाय पूस. पातेल्याला मात्र त्याला कधी हात लावू दिला नव्हता. पण गुरुवारी ती जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घेऊन सडी गावच्या इस्पितळात गेली. तिथं मार्वा नर्स होती. गाडीत बसताना म्हातारीनं औषधाचं विचारलं नाही, कपड्यांचं विचारलं नाही. म्हणाली, “सकाळ-संध्याकाळ उकळ. दुसरं काही करू नकोस.”

तर त्यानं दुसरं काही केलं होतं.

त्याच वेळी मार्वाचा फोन आला. आई चोवीस तारखेला घरी येतेय. हात मोडल्याचं विसरली, पातेल्याचा जप चाललाय. बरं चाललंय ना तिकडं?

युस्टसनं पातेल्याकडं पाहिलं. “बुडबुडे येतायत,” तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

मग त्यानं ते धक्क्याच्या मागं नेऊन नदीत ओतलं. चौदा वर्षं जायला जेमतेम चार सेकंद लागली. पातेलं घासताना तळाशी जमलेला काळा थर निघेना, तेव्हा त्याला थोडं बरं वाटलं. निदान तेवढं तरी जुनं राहिलं.

सोमवार म्हणजे चॅरिटीच्या बाजाराचा दिवस, ही एकच गोष्ट त्याच्या बाजूची होती. गायीचे पाय मिळाले, गोमांस मिळालं, खारवलेलं डुकराचं मांस मिळालं. विरी-विरी मिरच्या, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, सगळं पिशवीत आलं. राहिला कासारीप, कडू कसाव्याचा रस आटवून केलेला काळा पाक, ज्याच्याशिवाय पेपरपॉट म्हणजे नुसतं मटणाचं पाणी. तो विकत घ्यायचा बर्नाडीन ला रोझकडून, असा सगळ्या बाजाराचा नेम. तिची जागा रिकामी होती.

“येईना ती,” शेजारची केळीवाली म्हणाली. “खालून वल्हवत यायचं म्हणजे दोन तास. बाटल्यांच्या ओझ्यानं बोट बसते, वर हिचं इंजिन बंद. कुणा दिवट्याकडं दुरुस्तीला टाकलंय, सात आठवडे झाले. नाताळचा धंदा बुडाला बिचारीचा.”

दिवट्यानं मान खाली घातली आणि दुसऱ्याच कुणाकडून एक बाटली घेतली.

ती बाटली हातात हलवली तेव्हाच कळायला हवं होतं. पाक काचेला धरून राहिला पाहिजे, हा नळाच्या पाण्यासारखा धावत होता. जळका गूळ आणि पाणी. युस्टसनं तीन तास गायीचे पाय शिजवले, पाक ओतला, आणि पातेल्यात चहाच्या रंगाचं काहीतरी गोडमिट्ट तयार झालं. अजून शिजवलं. ते अजून गोड झालं. मध्येच गॅस संपला. अंगणातली कोळशाची शेगडी काढली, तर कोळसा ओला. धुरानं डोळे चोळत, फुंकणीनं फुंकत तो स्वतःशी बोलू लागला, आणि जे बोलला ते नाताळच्या आठवड्यात लिहिण्यासारखं नाही. चार पावलं. त्या खिळ्यापर्यंत फक्त चार पावलं होती.

त्या धुरातच त्याला आठवलं. सहा वर्षांपूर्वी बर्नाडीननं आपलं नवं पातेलं चढवलं, तेव्हा मिस इस्मेनं तिला आपल्या पातेल्यातला वाडगाभर रस्सा दिला होता, दह्याला विरजण द्यावं तसा. त्यावरून सासूबाई किती मिरवल्या होत्या, तेही आठवलं. म्हणजे नदीत ओतलेला रस्सा अजून एका ठिकाणी उकळत होता. आणि ते ठिकाण नेमकं त्या बाईच्या घरी होतं, जिचं इंजिन त्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली झोपलं होतं.

मंगळवारी पहाटे त्यानं ते इंजिन आपल्या बोटीत घातलं आणि ओहोटीबरोबर खाली निघाला.

बर्नाडीन आपल्या धक्क्यावर बसून कसावा किसत होती. तिनं बोट पाहिली, बोटीतलं गोणपाट पाहिलं, आणि किसणं थांबवलं नाही.

“या, जावईबापू. शुक्रवार कुठला म्हणायचा हा?”

तिचं आणि मिस इस्मेचं बहिणीबहिणींसारखं होतं, त्यामुळं हे जावईपण त्याला इथंही चुकलं नव्हतं. युस्टसनं इंजिनाचं बोलायचं ठरवलं होतं, रश्श्याचं मग, ओघात. पण तिनं चहा पुढं केला आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. भात, डाव, फेस, नदी, जळका गूळ. बर्नाडीन हसली नाही, हे त्याला जास्त लागलं.

“इस्मेला माहितीय?”

“नाही, आंटी.”

“मरशील.”

“तुमच्या पातेल्यातला वाडगाभर मिळाला तर वाचेन. आणि एक बाटली.”

तिनं आपले दोन्ही हात पालथे करून त्याच्यापुढं धरले. वल्ह्यानं तळव्यांवर घट्टे आलेले होते, एक फुटलेला. मग धक्क्याच्या खांबाकडं हनुवटीनं खूण केली, जिथं तिची बोट इंजिनाविना डोलत होती.

आता खरी अडचण होती. बर्नाडीनच्या इंजिनात काही बिघडलेलंच नव्हतं. म्हणजे सुरुवातीला थोडा कचरा अडकला होता, तो युस्टसनं पहिल्याच दिवशी काढला. पण त्याच दिवशी सोन्याच्या खाणीकडं निघालेलं एक घाईतलं गिऱ्हाईक आलं. त्याला कार्बोरेटर हवा होता, तर युस्टसनं बर्नाडीनचा काढून त्याच्या इंजिनाला बसवला. दोन दिवसांपुरता. तो माणूस वर रानात गेला आणि कार्बोरेटरही. युस्टस सात आठवडे दुसरा मागवणार होता.

तिच्या धक्क्यावर उन्हात बसून त्यानं दोन तास उगाच नट सोडले, नट आवळले. बर्नाडीन किसत राहिली. किसणीचा आवाज त्याच्या दातांतून जात होता. शेवटी तो उठला, आपल्या बोटीत उतरला, आपल्याच इंजिनाचा कार्बोरेटर काढला आणि तिच्या इंजिनाला बसवला. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. इतकं गोड सुरू झालं की त्याला रडावंसं वाटलं.

बर्नाडीननं आत जाऊन निळ्या काठाचा एक खोलगट वाडगा भरून आणला. वर केळीचं पान बांधलेलं. काखेत काळी बाटली. ती उलटी केली तर पाक हलायचं नाव घेईना.

“वाडगा रिकामा परत येत नाही, हे सांगायला नको,” ती म्हणाली. “आणि घरी कसा जाणार?”

युस्टसनं वल्ह्याकडं पाहिलं. ती त्याला ओढून नेऊ शकली असती. तिनं तसं विचारलं नाही, त्यानं मागितलं नाही. ओहोटी अजून संपली नव्हती. उलट्या पाण्यात, पायांत वाडगा धरून, तो चॅरिटीला पोचला तेव्हा त्याचे तळवे बर्नाडीनच्या तळव्यांसारखे दिसत होते.

बुधवारी त्यानं नव्यानं सगळं मांडलं. केळीवाल्या बाईनं गॅसचं नळकांडं मिळवून दिलं आणि चेष्टा फुकट केली. पाय मऊ झाले, मांस पडलं, पाक पडला आणि रस्सा काळा होत गेला, इंजिनातल्या जुन्या तेलासारखा. हा रंग त्याला ओळखता येत होता. शेवटी वाडग्यातला रस्सा ओतला. ढवळायला लाकडी डाव खिळ्यावरून काढला. ती चार पावलं तो मुद्दाम सावकाश चालला, आणि त्या खिळ्यालाही एक शिवी दिली.

दुपारी म्हातारी आली. हात गळ्यात, टोपी डोक्यावर. सरळ स्वयंपाकघरात गेली, झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. युस्टसला त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि कारण म्हातारीचं मनगट नव्हतं.

नाताळच्या सकाळी तिनं चर्चला जायच्या आधीच वेणीसारख्या विणलेल्या पावाचा एक तुकडा तोडला, त्यावर रस्सा घालून घेतला, डाव्या हातानं तोंडात घातला. चावत राहिली. बाहेर घंटा सुरू झाली. मार्वा दारात थांबली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“लवंग जास्त आहे,” मिस इस्मे म्हणाली. “मी दोन घालते. बर्नाडीन चार घालते.”

युस्टस भिंतीकडं पाहत राहिला.

“डाव कुठल्या पातेल्यातला होता, फोर्डाइस?”

“भाताच्या.”

तिनं आणखी एक तुकडा बुडवला. तिचे डोळे ओले झाले होते, आणि ते मिरचीनं असावेत असं समजणं दोघांनाही सोयीचं होतं. चौदा वर्षं, ती एवढंच म्हणाली, तेही पावाला. मग सावरून विचारलं, बर्नाडीननं वाडग्यात दिला ना? कुठला वाडगा? निळ्या काठाचा? त्यानं सांगितलं, आजच भरून नेऊन देतो, वल्हवत का होईना.

“काय भरून? कालचं?” म्हातारी म्हणाली. “तिनं तुला सहा वर्षांचा रस्सा दिला आणि तू तिला कालचा देणार? वर्षभर उकळ. सकाळ-संध्याकाळ, तूच. माझा हात बरा झाला तरी तूच. पुढच्या नाताळला दे, म्हणजे देण्यासारखा तरी असेल.”

मग टोपी नीट करून ती चर्चला निघाली. जाताना दारातून म्हणाली की चर्चमधून परतताना लोक येतील, त्यांना वाढ, आणि विचारलं तर पातेलं माझंच आहे म्हणून सांग.

लोक आले. बोटं चाटून गेले. लवंगेचं कुणालाच कळलं नाही, आणि याचाही युस्टसला राग आला.

वाडगा फडताळावर पालथा आहे. कार्बोरेटर अजून आलेला नाही. सकाळची उकळी झाली की युस्टस वल्हवत धक्क्याकडं निघतो, आणि सोमवारी हटकून त्याच वेळी बर्नाडीन बाटल्यांनी भरलेली बोट घेऊन भरधाव येते. त्याच्याजवळ आली की वेग कमी करत नाही. तिच्या लाटेनं त्याची होडी हेलकावते, पाणी आत येतं, आणि ती मागं वळून ओंजळीचा वाडगा करून दाखवते.