खोगीरकाकूंची घोडी पाणी पीत नाही

गल्लीत सगळे त्यांना खोगीरकाकू म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत लाकडी घोडा, त्यावर अर्धं शिवलेलं खोगीर, खिळ्यांना टांगलेले लगाम आणि खोलीभर मेणाचा नि चामड्याचा वास. पाहुण्यांनी बसायचं कुठे, असं नवऱ्याने लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.

जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांच्या पाठी मोजणाऱ्या काकूंनी स्वतः मांड ठोकली ती पन्नाशीला टेकल्यावर, तबेल्यातल्या एका तांबड्या घोडीपायी. गिऱ्हाइकं तिला नेत आणि परत आणून सोडत. दुसरा घोडा जवळ आला की ती अंग चोरायची, डोळे पांढरे करायची.

"टांग्याला विकून टाकतो हिला," तबेलेवाला म्हणाला.

"मला द्या शिकवायला. लांब पल्ल्याची एक दौड पुरी करून दाखवते."

"काकू, तुम्ही आपली खोगिरं शिवा."

"नाही जमलं तर खुशाल विका. जमलं तर माझ्याकडे राहील."

"पुरी म्हणजे पुरी हं. अर्ध्यातून परत आलात की टांगा."

मग काकू रोज उजाडता उजाडता घोडीला घेऊन तळ्याकाठी जाऊ लागल्या. एकट्याच, कारण दुसरं जनावर दिसलं की बाईसाहेब बिथरायच्या. बाईसाहेब हे नवऱ्याने ठेवलेलं नाव. "तुमचं दोघींचं छान जमतं," तो म्हणायचा, "दोघींनाही चार लोकांत जायला नको."

दौडीच्या दिवशी काकूंनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, धूळ बसू दिली आणि मागून निघाल्या. मोकळ्या रानात घोडी अशी झकास दुडकत गेली, की काकू खोगिरावर बसून स्वतःशीच हसत होत्या.

घोडं अडलं ते मधल्या मुक्कामावर. तिथे प्रत्येक घोड्याची तपासणी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या छातीला, मग पोटाला नळी लावली, हिरड्यांवर बोट दाबलं.

"ठोके ठीक आहेत. पण तोंड कोरडं पडलंय, पोटही गप्प आहे, गडगड ऐकू येत नाही. पाणी प्यायल्याशिवाय पुढे सोडणार नाही मी."

आधीच तिथे येऊन थांबलेला नवरा बादली घेऊन धावला. घोडीने तोंड फिरवलं. त्याने बादली बदलली, पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, शेवटी स्वतः वाकून एक घोट पिऊन दाखवला.

"अहो, तुम्हाला नाही पाजायचंय!"

"अगं, घरी तर बादल्याच्या बादल्या रिचवते ही!"

"घरी एकटी असते ती." काकूंनी आजूबाजूला पाहिलं. डावीकडे घोडे, उजवीकडे घोडे. पाणी प्यायला मान खाली घालायची म्हणजे त्यांच्यावरची नजर काढायची. "माझंच चुकलं हो. घाबरते म्हणून सगळ्यांपासून लांब ठेवली, आणि आज एकदम भर बाजारात आणून उभी केली."

शेजारी एक निवृत्त पोस्टमन आपल्या पांढऱ्या, म्हाताऱ्या घोड्यावर बसून निघायच्या तयारीत होते. ते खाली उतरले.

"सरका जरा. घोडी नव्हे हो, तुम्ही सरका."

त्यांनी आपला घोडा आणून घोडी आणि बाकीच्या गर्दीच्या मधे आडवा उभा केला, भिंतीसारखा. घोडीने कान पाडले. म्हाताऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बादलीत तोंड घातलं आणि असा फुर्र फुर्र करत प्यायला लागला, की पाणी उडून घोडीच्या नाकावर आलं. तिने ते चाटलं. थांबली. मग मान लांब करून त्याच बादलीत तोंड घातलं.

"बोलू नका," पोस्टमन पुटपुटले.

कोण बोलतंय! बादली संपली, दुसरी आली, तीही निम्मी झाली.

"काका, तुमची सुटायची वेळ गेली ना?" काकूंनी विचारलं.

"जन्मभर टपाल वेळेवर टाकलं. आज मी उशिरा पोचलो तर कुणाची मनीऑर्डर अडत नाही. चला, तुमचं आटपेपर्यंत थांबतो."

पुढचा अर्धा पल्ला घोडी त्या पांढऱ्या घोड्याच्या बरगडीला बरगडी लावून चालली. सगळ्यांच्या शेवटी दोघं पोचले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली, ठोके मोजले, पुन्हा मोजले. नवऱ्याने टोपी काढून हातात पिळली.

"पास," त्या म्हणाल्या. "पोटात चांगली गडगड चाललीय."

काकूंनी लगेच तबेलेवाल्याला फोन लावला.

"कितवी आली?"

"शेवटची."

"मग?"

"मग काय मग? पुरी केली!"

"बरं," तो म्हणाला, "राहू दे तुमच्याकडे."

काकू पोस्टमनकडे गेल्या. बोलायचं खूप होतं, पण आधी डोळेच भरून आले.

"माझे कसले आभार मानता?" त्यांनी हात झटकले. "पाणी त्याने पाजलं. त्याला सांगा."

म्हणून खोगीरकाकू त्या म्हाताऱ्या घोड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि एखाद्या थोरल्या दिराशी बोलावं तशा म्हणाल्या, "फार उपकार झाले हो तुमचे."