चौदा निबंधांचं शेपूट

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. हरिओमला पाठीमागे सगळे 'शेपूट' म्हणत. मी तिथला ग्रंथपाल. कोणाचा शोधनिबंध कुठे छापून आला आणि पुढे किती जणांनी त्याचा दाखला दिला, याची मोजदाद माझ्याकडे. तेव्हा हे नाव मीच ठेवलं असणार.

गडी जानेफळचा. वडील हिंमतराव भाजीपाला पिकवायचे आणि गावातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर लिहून द्यायचे. पत्रिकेतल्या नावांवरून भावकीत रुसवेफुगवे होतात, पण हिंमतरावांनी लावलेल्या क्रमावर कोणी कधी बोट ठेवलं नाही. पोराला त्यांनी एकच शिकवण दिली. "मोठ्यायचं नाव आधी, आपलं शेवटी. राबलं कोन, हे लोकायले समजते."

लग्नपत्रिकेत समजतं. शोधनिबंधात समजत नाही. एवढी साधी गोष्ट एम. डी. झालेल्या माणसाला कळू नये, याचा मला अजून राग येतो.

बारा वर्षं हा मोटारसायकलवर मेहकर, लोणार, देऊळगाव राजा पालथं घालत होता. उन्हात राबणाऱ्या मजुरांची मूत्रपिंडं, फवारणी करणाऱ्यांचे डोळे, भाजीवाल्या बायकांच्या पायांच्या भेगा. तपासायचा हाच, लिहायचाही हाच. मग डोळ्यांच्या निबंधावर नेत्रविभागाच्या प्रमुखांचं नाव पहिलं, भेगांच्या निबंधावर त्वचाविभागाच्या. त्यांच्याखाली त्यांचे सहायक, आणि सगळ्यांच्या खाली हरिओम. मूत्रपिंडाच्या सहा निबंधांवर हरिओमच्याच विभागाचे प्रमुख डॉ. रमाकांत पहिले. त्यांनी त्यातला एकही मजूर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. एकूण चौदा निबंध, सहाशे चाळीस दाखले. आमच्याकडे एवढे दुसऱ्या कोणाचे नव्हते.

सहयोगी प्राध्यापकाच्या मुलाखतीला तो ही यादी घेऊन गेला. नियम असा, की पहिल्या तिघांत नाव असेल तेच निबंध धरायचे. समितीचे अध्यक्ष रमाकांत सर. त्यांनी यादी वाचली, स्वतःच्या नावाशी जरा थांबले आणि म्हणाले, "हरिओम, यात तुमचं असं काय आहे? निदान एक तरी आणा. वर्षभर जागा रिकामी ठेवतो."

त्या वर्षात हरिओमने जुन्या मजुरांना पुन्हा गाठलं आणि मूत्रपिंडावरच पंधरावा निबंध लिहिला. दोन दिवस तो पाठवायलाच तयार नव्हता. "काका, एकट्याचं नाव बरं नाही दिसून राह्यलं."

"आता तरी वडिलांना विसर," मी म्हणालो, आणि त्याला पाठवायला लावलं.

चार महिन्यांनी निबंध परत आला. पद्धत, वाक्यं, कोष्टकं डॉ. रमाकांत यांच्या गाजलेल्या निबंधांतून चोरलेली आहेत, असं संपादकांनी कळवलं होतं आणि त्याची प्रत महाविद्यालयालाही धाडली होती. वाक्यं जुळणारच. बारा वर्षं एकाच हाताने लिहिलेली होती.

चौकशीत हरिओम एवढंच बोलला, "वाक्यं माहीच आहेत."

रमाकांत सरांनी शांतपणे सहा कागद पुढे सरकवले. प्रत्येक निबंधासोबत कोणी काय केलं हे लिहून द्यावं लागतं. सहाही कागदांवर हरिओमच्याच अक्षरात होतं: संकल्पना व लेखन, डॉ. रमाकांत. खाली हरिओमची सही. तेही आदरापोटीच.

त्या सगळ्या निबंधांचे हरिओमच्या हातचे कच्चे खर्डे माझ्या कपाटात होते. दाखले तपासायला तो ते माझ्याकडेच द्यायचा. कपाट उघडायला दोन मिनिटं लागली असती. पण माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद रमाकांत सरांच्या सहीसाठी पडला होता. मी गप्प बसलो. हा नीचपणा होता आणि तो मला तेव्हाही कळत होता.

रमाकांत सरांनी मोठ्या मनाने माफ केलं. फक्त लेखी माफीनामा मागितला. जागा सरांच्या सहायकाला, डॉ. शंतनूला गेली. मूत्रपिंडाच्या त्याच सहा निबंधांवर त्याचं नाव दुसरं होतं.

माफीनामा माझ्याच संगणकावर टाइप झाला. हरिओम शेजारी बसून सांगत होता. वर आदरणीय रमाकांत सर, मग समितीतले बाकीचे, मानाप्रमाणे. त्याचं नाव सगळ्यात खाली. मी छापून दिला. त्याने दोनदा वाचला.

"क्रम बरोबर आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"हाव काका," सही करत तो म्हणाला. "याच्यात तरी लोकायले समजते, कोनं केलं ते."