न झालेली गूळतुला

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा वडवणीपलीकडच्या एका लहान आरोग्य केंद्रात मी नवाकोरा डॉक्टर होतो आणि त्या तिथल्या मुरलेल्या परिचारिका. पदवी मी घेऊन आलो होतो; माणसाशी वागायचं कसं, हे त्यांनी शिकवलं. आज ताई साठीच्या झाल्या, म्हणून ती शिकवणी चारचौघांत कबूल करतो.

केंद्रात तेव्हा एक रीत होती. वजनकाटा व्हरांड्यात आणि केसपेपरची खिडकी चार पावलांवर. शिपाई शेषराव काट्यावरचा आकडा खिडकीकडे ओरडून सांगायचे, सारी रांग ऐकायची. एकदा गंगूबाई आल्या. ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या, अंगानं भरलेल्या. त्यांचा आकडा इथे लिहीत नाही; ताईंनी वाचला तर माझी खैर नाही. फडातला निम्मा ऊस हीच खाती वाटतं, असं रांगेत कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मी काय केलं? छातीला नळीसुद्धा न लावता, आधी वजन कमी करा म्हणून शहाणपणा शिकवला. बाई कागद टेबलावर ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, व्हरांडा भरलेला असताना, काटा नीट चालतो का बघू म्हणून ताईंनी मलाच त्यावर उभं केलं. शेषरावांनी सवयीनं बांग दिली, "चौऱ्याण्णव!" रांग खदखदली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ताई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्याच दुपारी त्या मला गंगूबाईंच्या घरी घेऊन गेल्या. मी माफी मागितली. बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "दम लागतोय म्हणून आलते, सायेब. मी जाड हाय, हे मला ठावं हाय."

तपासलं, तर हृदयाची झडप बिघडलेली. लगेच बीडला पाठवलं. आणखी एक हंगाम फडावर गेला असता, तर बाई परतल्या नसत्या.

संध्याकाळपर्यंत काटा आतल्या खोलीत, पडद्याआड गेला. आकडा लिहायचा, उच्चारायचा नाही, हा ताईंचा कायदा. शेषराव बिचारे आठवडाभर घसा बसल्यासारखे हिंडत होते. जाड दंडाला पुरेल असा रक्तदाबाचा पट्टा मिळेपर्यंत ताईंनी अर्जांवर अर्ज केले. एखाद्या पोरीला कुणी 'ढोली' म्हणालं, की त्या शांतपणे विचारायच्या, तिचं नाव काय? आणि नाव घेतल्याशिवाय त्या माणसाला सोडायच्या नाहीत.

एवढं शिकूनही आम्ही शेवटी माती खाल्लीच. सत्कार म्हटलं की गूळतुला, म्हणून आमच्या सत्कार समितीनं ताईंना गुळाशी तोलायला भला मोठा ताजवा ठरवला. ताईंना कळलं. त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाला काट्यावरून खाली उतरवलं, आन आता मलाच चढवता व्हय?"

तुला रद्द झाली. गूळ मात्र आला. काल गंगूबाईंनी एक ढेप समितीच्या दारात आणून ठेवली. नोंदवहीसाठी मी वजन विचारलं, तर म्हणाल्या, "तोलला न्हाई."

ताईंना आयुष्यही तसंच लाभो: निरोगी, गोड आणि न तोललेलं.