कापड्यातला उभा ओटा

धोंडूकाका गेल्याचा निरोप मला महाडच्या एस.टी. स्टँडवर मिळाला. पोलादपूरकडून आलेल्या गाडीतून आमच्या कापडे गावातला एक ओळखीचा माणूस उतरला, माझ्या हातातली भाजीची पिशवी त्याने स्वतःकडे घेतली आणि म्हणाला, "बाई, चला. धोंडूदा गेलं." खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, घरी होते. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांच्या नशिबी तेवढंही नसतं. नवरा मुंबईला, आणि शेवटी येते ती तार...

धोंडूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मुंबईत सेंटरिंगचे सुतार. स्लॅब भरण्याआधी खाली फळ्यांचा साचा करायचा, त्याला टेकू द्यायचे, वर सिमेंट ओतून ते घट्ट झालं की सगळं सोडवून पुढच्या इमारतीवर न्यायचं, हे त्यांचं काम. गेल्या काही वर्षांत मुंबई उंच होत चालली आहे. बागबगीच्यांचे जुने बंगले पाडतात आणि तिथे लिफ्टवाल्या इमारती उभ्या राहतात, समुद्रात भराव घालून त्यावरसुद्धा बांधतात. वर्तमानपत्रवाले कौतुकाने आर्किटेक्टचं नाव छापतात. छापोत बापडे. त्या इमारतींखाली टेकू लावणारे कितीजण आमच्या खोऱ्यातले होते हे आम्हाला ठाऊक आहे, कारण त्यांच्या बायका इकडे एकट्याने भात लावत होत्या. यमुनाकाकी त्यातलीच. काका शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे, आणि घराला त्यांची सवय होते न होते तोच पुन्हा गाडीत बसायचे.

एकदा परीक्षेसाठी मी मुंबईला गेले होते, तेव्हा काका मला वाळकेश्वराच्या बाजूला एक इमारत दाखवायला घेऊन गेले. दाराशी गुरखा. "किससे मिलना है?" काका हसून म्हणाले, "किसीसे नाय. बगतो फकस्त." मग आम्ही समोरच्या फूटपाथवर उभे राहिलो आणि त्यांनी बोटाने एकेक मजला दाखवायला सुरुवात केली. हॉल इकडे, बाल्कनी तिकडे, आणि ती मागची खिडकी सयपाकघराची. "तितं बाया उभ्यानं सयपाक करतात गो! नळ हाताशी, ओटा कमरेएवडा. नायतर तुजी काकी, चुलीम्होरं बसून बसून गुडगं गेलं तिचं." मी विचारलं, कुणाला करताना पाहिलंत का? "आमी कसं बगनार? रंगवाले आले की आमी निगालो. पन ओटा आमीच तर केला!"

त्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलं, की काकीला असा ओटा करून द्यायचा. एकदा का मनात भरलं की आमच्या घराण्यात कुणी ऐकत नाही, मीसुद्धा नाही. मागल्या शिमग्याला ते आले ते सळ्या नि सिमेंट घेऊनच. सावित्रीची वाळू आली, जुन्या घराच्या कडेला भिंती उठल्या आणि स्लॅबच्या दिवशी अख्खी वाडी घमेली घेऊन लोटली. कौलाखाली जन्म काढलेली ती माणसं, टेकू काढायच्या वेळी मात्र सगळी लांब आंब्याखाली जाऊन उभी राहिली. काकांनी शेवटचा टेकू काढला, मधोमध उभे राहिले आणि काकीला हाक मारली, "ये गो आत." ती आली. पदर डोक्यावर घट्ट धरून आली, पण आली.

मग ओट्यावर चूल मांडली. ओटा फ्लॅटातल्या बायकांच्या मापाचा, त्यामुळे आमच्या बुटक्या काकीला पाटावर उभं राहावं लागलं. तिने लाकडं पेटवली आणि बघता बघता खोली धुराने भरली. कौलांच्या फटींतून धूर आपला आपण निघून जातो, त्याकडे कुणी लक्षही देत नाही. स्लॅबमधून तो जाणार कुठे? डोळे चोळत आम्ही सगळे अंगणात. आयुष्यभर लोकांचे ओटे केलेल्या माणसाला हे माहीतच नव्हतं, की त्या ओट्यांवर स्टोव्ह असतात, गॅस असतो, लाकडं नसतात. वाडीने टिंगल करायची ती केलीच. "धोंड्याची मुंबय लय धुरकट बा!" काका दोन दिवस त्या स्लॅबखाली वर बघत फेऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन वर चढले आणि स्वतःच्या हाताने भरलेल्या स्लॅबला चुलीच्या वर भोक पाडायला लागले. मी तेव्हा तिथेच होते. ते ठोके मला ऐकवेनात.

त्या भोकावर त्यांनी धुराडं बांधलं. वारं घाटाकडून आलं की धूर उलटा खोलीत. मग त्याचं तोंड फिरवलं, तर पावसाची झड थेट तव्यावर. कौलांची टोपी घातली, उंची वाढवली. मुंबईहून मुकादमाचे निरोपावर निरोप, नवी इमारत सुरू झाली, कधी येतोस? काकांचं उत्तर ठरलेलं. "धूर कोंडतोय अजून. येतो आठ दिसांत." गणपती झाले, दिवाळी झाली, आठ दिवस काही संपले नाहीत. मी सुट्टीला गेले की काका छपरावर आणि काकी खालून ओरडतेय, "कोंडतोय वो अजून!" मला तर शंका यायला लागली होती, की आठ-आठ मजले उभे करणाऱ्या माणसाला एक धुराडं जमू नये? माघात त्यांना ताप आला, चार दिवसांत ते गेले.

परवाच्या रविवारी कापड्याला गेले होते. काकी पाटावर उभी राहून भाकऱ्या थापत होती आणि धूर सुतासारखा सरळ वर चालला होता. खोलीत वास तेवढा. मी म्हटलं, "काकी, साधलं गो काकांना शेवटी. त्यांनी बघायला हवं होतं."

"दिवाळीपासनंच जातोय धूर," काकी म्हणाली.

"मग काका छपरावर कशाला चढायचे?" मी विचारलं.

"मीच ओली लाकडं घालायची. खोली भरली की म्हनायची, बगा, कोंडतोय. मग ते शिडी लावायचे... नि जायाचं ऱ्हायचं."

"आणि त्यांच्या लक्षात नाही आलं?"

काकीने तव्यावरची भाकरी उलथली, चुलीत एक सुकं लाकूड सारलं.

"ओली लाकडं रानातनं तेच आनीत व्हते गो," ती म्हणाली.